रंगुबाईंची उत्तरं

रंगुबाईंना सही करता येते. एसटीच्या पाटीवरचं 'राजूर' आणि 'अकोले' त्या नजरेनं ओळखतात, 'संगमनेर' अक्षरं जुळवत वाचतात. शाळा चौथीत सुटली, कारण घरी धाकटा भाऊ सांभाळायला दुसरं माणूस नव्हतं. जे थोडं वाचायला येत होतं, तेही पुढं सवय नसल्यानं गेलं. तरी गावात त्या शिकलेल्यांत मोजल्या जातात. बचत गटाच्या त्या सचिव आहेत, कारण गटात सर्वांत सुबक सही त्यांची आहे.

त्यांच्या घरात वाचायचं काम मुलीकडं होतं. जनावरांचं रंगुबाईंकडं, जीपचं नवऱ्याकडं, तसं वाचायचं संस्कृतीकडं. वीजबिलाचा मेसेज, गॅसचा नंबर, गटाच्या ग्रुपवर आलेली बैठकीची वेळ, जीपच्या विम्याची तारीख, सगळं तीच वाचून सांगायची. शाळा बंद होत्या त्या वर्षी तिच्या अभ्यासासाठी घेतलेला मोबाईल नावाला आईचा होता, पण तो उघडायचा संस्कृतीच्या बोटानं. यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. त्या भागातल्या कितीतरी घरांत हीच रीत आहे.

गाव अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याला लागून. पावसाळ्यात भात, वरच्या उतारावर थोडी नाचणी. रंगुबाईंचे पती गोरक्ष राजूरच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतात. काजव्यांच्या दिवसांत आणि धबधबे सुरू झाले की पर्यटकांची भाडी मारतात. मोबाईलला गावात रेंज नाही. शाळेमागच्या टेकाडावर चढलं की येते. कुणाला फोन करायचा असेल तर लोक 'रेंजवर जाऊन येतो' म्हणतात.

संस्कृती आठवीला राजूरच्या वसतिगृहात गेली. दिवाळीला घरी आली ती परत गेली नाही. काय झालं, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नीट कुणाला कळलं नाही. वसतिगृहात कुणी काही केल्याचं पुढं आलं नाही. ती जेवताना पानावरून उठायला लागली. केस विंचरू देईना. दिवसा भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. गोरक्ष आधी म्हणाले, लाडावली. मग म्हणाले, बाहेरचं काही असेल. अंगारा लावून झाला. तालुक्याला आरोग्य शिबिर होतं, तिथं एका डॉक्टर बाईंनी तिच्याशी बराच वेळ बोलून सांगितलं, की हा आजार आहे, औषधानं बरा होतो, पण त्यासाठी नगरला जावं लागेल. शहराच्या सावेडी भागात एका ट्रस्टचं मुलांच्या मानसिक आजारांचं केंद्र आहे, तिथला पत्ता त्यांनी दिला.

गावात सांगायला कारण लागतं. धुण्यावर शेजारच्या बनुबाईंनी विचारलं, "काय गं रंगे, पोरीला नगरला कशाला न्हेती?"

"डोळ्याचा नंबर काढाया."

"आन् चष्मा कुठं हाय?"

"लागला न्हाई."

"येवढ्या लांब जाऊन लागला न्हाई म्हंजी डाक्टरच्याच डोळ्याला चष्मा हवा," बनुबाई म्हणाल्या. बाकीच्या बायका हसल्या. रंगुबाईही हसल्या आणि बादली उचलून निघाल्या.

सावेडीचं ते केंद्र एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. रंगुबाईंनी जिन्याखाली चपला काढल्या. वर गेल्यावर दिसलं की सगळे चपला घालूनच बसलेत. शहरातल्या आया स्कूटीवरून आल्या होत्या, त्यांची मुलं शाळेच्या गणवेशात होती. संस्कृतीनं आईच्या अनवाणी पायांकडं बघितलं आणि स्वतःच्या चपला बाकाखाली सरकवल्या.

त्या दिवशी डॉक्टरांनी मुलीला बाहेर बसवून रंगुबाईंशी वेगळं बोलणं केलं. रंगुबाईंनी सगळं सांगितलं. "ती भिताडाकडं तोंड करून आसती. हाक मारली की व्हय म्हनती, पन यीत न्हाई. एकदा म्हनली, आई, मी न्हाई आसं समज." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. नैराश्य आहे म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. खरं तर अशा मुलीला दर आठवड्याला बघायला हवं. पण पहाटेच्या जीपनं निघालं, राजूरला, अकोल्याला, संगमनेरला गाडी बदलली, तरी सावेडीत दुपार होते आणि घरी परतायला अंधार. केंद्रात अशी लांबून येणारी मुलं बरीच आहेत. त्यांच्यासाठी मोबाईलवरच्या प्रश्नावलीची सोय केलेली होती.

ती समजावून सांगायचं काम निकिताचं. ती तिथली समुपदेशक, वय तिशीच्या आत, बोलायला मोकळी.

"ताई, दर गुरुवारी तुमच्या मोबाईलवर एक लिंक येईल. त्यात दोन भाग आहेत. एक संस्कृतीनं भरायचा, एक तुम्ही. एकमेकींचं बघायचं नाही हं. उत्तरं आली की इथं आमच्या स्क्रीनवर गोल दिसतो, तोच तुम्हालाही दिसेल. लाल आला तर मी लगेच फोन करणार. पिवळा असेल तर दोन-चार दिवसांत बोलू. हिरवा असेल तर बरं चाललंय, मग पुढची तारीख लांबवता येते."

"बरं."

"वाचता येतं ना तुम्हाला?"

संस्कृती शेजारीच बसली होती. तिनं आईकडं पाहिलं.

"येतं की," रंगुबाई म्हणाल्या. "मी गटाची सचिव हाय."

निकितानं मान डोलावली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी केंद्रात वेगळी व्यवस्था होती, फोनवरून बोलून उत्तरं घ्यायची. ती मागायची तर मुलीसमोर तसं म्हणावं लागलं असतं.

परतीच्या वाटेवर राजूरहून पुढं गोरक्षच्या जीपमध्ये बसल्यावर लिंकचं कळलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी लेकीबरोबर आईचीबी परीक्षा. दोघी पास व्हा म्हंजी झालं. माझं डिझेल वाचंल."

पहिल्या गुरुवारी संस्कृती टेकाडावर जाऊन लिंक उघडून आली. स्वतःचा भाग तिनं येता येता भरला; भरलेली उत्तरं पुन्हा रेंजवर गेलं की जायची. ओट्यावर रंगुबाई नाचणी पाखडत होत्या.

"आई, तुझं ऱ्हायलंय."

"वाच."

"मागील आठवड्यात आपल्या पाल्यास झोप लागण्यास त्रास झाला."

"पाल्य म्हंजी कोन?"

"मी."

"मग तुलाच ठावं की. मला काय इचारती?"

"तुझं तू सांगायचं आसतंय. चार हायेत. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी."

"रातभर टक्क जागी आसतीस."

"म्हंजी नेहमी?"

"नेहमी नगं. त्येच्या आलीकडलं कोनतं?"

"बऱ्याचदा."

"त्ये टाक."

पुढचा प्रश्न चिडचिडीचा होता. "ह्याला मातुर नेहमी टाक," रंगुबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. दिवाळीनंतर संस्कृती हसलेली रंगुबाईंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्यामुळं त्यांना ती लिंक आवडली. गुरुवारची त्या वाट बघू लागल्या.

प्रश्नांवर एक स्पीकरचं चिन्ह होतं. ते दाबलं की एका बाईचा आवाज पुस्तकी मराठीत प्रश्न वाचायचा. संस्कृतीनं ते एकदा दाबून ऐकवलं. "ही बया कोन?" रंगुबाईंनी विचारलं. "तूच बरी वाचतीस." त्यानंतर ते दाबलं गेलं नाही.

प्रश्नावली बनवणाऱ्यांनी विचार केला होता तो असा. मूल स्वतःबद्दल एक सांगतं, पालक दुसरं सांगतात, आणि दोन्ही शेजारी ठेवली की त्या दोहोंमधली जागा दिसते. बहुतेक वेळा आजार त्या जागेत असतो. घरात प्रत्यक्षात असं झालं, की आईला लेकीबद्दल जे सांगायचं ते लेकीलाच सांगावं लागत होतं. "पाल्यामुळे घरातील इतरांवर ताण येतो," असं वाचून संस्कृती मोबाईलवरची नजर न काढता थांबली. "न्हाई," रंगुबाई लगेच म्हणाल्या. "कधीच न्हाई टाक." त्याच सकाळी गोरक्ष ताटावरून न बोलता उठून गेले होते. "पाल्य उदास किंवा हताश दिसते." "कधी कधी." लेकीच्या तोंडावर याहून जास्त कोण म्हणेल? प्रत्येक उत्तर एक घर अलीकडं सरकत गेलं.

तरी सुरुवातीला काही बिघडलं नाही, कारण गोळ्यांनी फरक पडत होता. संस्कृतीचा स्वतःचा भाग तेव्हा बराच खरा असायचा. गोल पिवळा यायचा. निकिता फोन करायची, टेकाडावर संस्कृती तो घ्यायची, मग फोन आईकडं द्यायची आणि दोन पावलांवर उभी राहायची. उन्हाळ्यात तिनं केस विंचरू दिले. काजव्यांच्या हंगामात वडिलांच्या जीपमध्ये पुढं बसून दोनदा फिरूनही आली.

जूनमध्ये शाळा उघडल्या. नववीचं नाव घातलेलं होतं, वह्या आणून ठेवल्या होत्या, वसतिगृहाची पेटी गोरक्षनं रंगवून घेतली होती. जायच्या दिवशी संस्कृती पेटीवर बसली ती उठलीच नाही. कुणी ओरडलं नाही. गोरक्षनं पेटी पुन्हा माळ्यावर टाकली आणि ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पन गोळ्या खाती म्हनून बोभाटा झाला तर हिला कोन करंल? येक वरीस तरी नीट बसून ऱ्हा बाई." ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. त्यांना तेवढंच म्हणता आलं.

त्या पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, रंगुबाई दुपारी खाचरातून घरी आल्या तर संस्कृती घरात नव्हती. धुण्याची बादलीही नव्हती. अकोल्याच्या डोंगरात आषाढात कुणी कपडे धुवायला फुगवट्यावर जात नाही. पागोळ्यांखाली बादली ठेवली की भरते, धुणं अंगणातच निघतं. रंगुबाई प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर तसाच ठेवून खाली गेल्या.

संस्कृती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तोंड पलीकडच्या काठाकडं. बादली काठावर होती, कपडे घडी घातलेलेच होते, साबणाचा कागद फाडलेला नव्हता. रंगुबाईंनी हाक मारली नाही. दचकली तर पाय सरकेल, असं त्यांना वाटलं. त्या लुगड्यासकट पाण्यात गेल्या आणि तिचा दंड धरला.

"चल. भाकरी निवली."

ती आली.

रंगुबाईंनी ते फक्त गोरक्षला सांगितलं. "कपडे धुवाया गेली आसंल," ते म्हणाले. "उगा कायबी डोक्यात घिऊ नगं." त्या दिवसापासून धुणं रंगुबाईंनी स्वतःकडं घेतलं. बायकांना सांगितलं, पोरीचे हात फुटलेत. खाचरात जाताना तिला सोबत न्यायच्या, बांधावर बसवायच्या. फवारणीची बाटली गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवली. करता येण्यासारखं सगळं त्यांनी केलं. नगरला कळवणं तेवढं राहिलं. फोन टेकाडावर, फोनचं कुलूप लेकीच्या बोटात, आणि नंबर लावून दे म्हणायचं तर तिलाच म्हणायचं.

मग गुरुवार आला. संस्कृती ओट्यावर बसून नेहमीसारखी वाचत होती. मधेच थांबली. मग वाचलं.

"पाल्याने स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलून दाखवले, किंवा तसे काही केले."

पागोळ्या गळत होत्या. रंगुबाईंनी सुपातले दाणे निवडायचं थांबवलं नाही. संस्कृती वाट बघत होती. आई काय म्हणते, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, असं तिनं पुढं निकिताला सांगितलं. आई हो म्हणाली असती तर ती तेच दाबणार होती.

"न्हाई," रंगुबाई म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"कधीच न्हाई."

संस्कृतीनं बोट टेकवलं. मोबाईल बंद करून ती आत गेली. पुढच्या गुरुवारी तिनं आईला बोलावलं नाही. रंगुबाईंनी विचारलं तर म्हणाली, "भरलं मी. तुझं मला पाठ हाय."

रंगुबाईंना सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी हे नंतर लपवलं नाही.

त्यानंतर दोन्ही भाग संस्कृती भरू लागली, आणि ते काम तिनं हुशारीनं केलं. दोन्हीकडं एकसारखी उत्तरं दिली असती तर केंद्रात लगेच लक्षात आलं असतं, यंत्र तेवढं पाहतं. तिनं आईचा भाग स्वतःच्या भागापेक्षा थोडा काळजीचा ठेवला. झोपेपुढं 'कधी कधी'. भूक, 'कधी कधी'. आईला मुलीपेक्षा जरा जास्त काळजी असते, हे तिला ठाऊक होतं. शेवटी एक मोकळी चौकट असते, 'आणखी काही सांगायचे आहे का?' आधी ती कधी भरली गेली नव्हती. आता तिथं आईच्या नावानं मजकूर येऊ लागला.

गोल हिरवा झाला. पुढच्या गुरुवारीही हिरवा. निकितानं फोन करून अभिनंदन केलं आणि सावेडीची तारीख दोन महिने पुढं ढकलली. गोरक्षनं हिरवा गोल स्वतः बघितला, जीपमधल्या एका मास्तरांनाही दाखवला, कशाचा आहे ते न सांगता. रंगुबाईंनाही दाखवला. "बग. तू म्हनत हुती पान्यात उभी हुती. डाक्टरच्या मशिनीला कळत न्हाई व्हय?"

रंगुबाईंच्या डोळ्यांना काही वेगळं दिसत होतं. पोर पुन्हा पानावरून उठत होती. पण त्यांनी असा हिशेब केला, की आपण अडाणी, आपल्या नजरेला भीती चिकटलीय. नगरला शिकलेली माणसं बसलीत, त्यांना बरं दिसतंय, तर बरंच असेल. त्या उत्तरांत आपला शब्द नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी हिरव्यावर विश्वास बसला. तसा तो गोरक्षचा बसला आणि निकिताचाही.

तिसऱ्या हिरव्यानंतर रंगुबाई राजूरच्या बाजाराला गेल्या. फुगवट्यावरच्या त्या दुपारनंतर मुलीला एकटं सोडून त्या पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या.

फुगवटा तेव्हा पुरा भरलेला होता आणि वर धुकं होतं. ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरून, त्यावर बसून मासे धरणारा सहादेव कडेला जाळं सोडवत होता. त्याला आधी वाटलं, कुणाचं वासरू पाण्यात पडलं. जवळ गेल्यावर ओढणी दिसली. त्यानं तिला ट्यूबवर उपडं टाकून काठाला आणलं. पोटातलं पाणी कसं काढायचं याचं त्याला शिक्षण नव्हतं, पण ती स्वतःच खोकली. गावातलीच दुसरी जीप काढून तिला आधी राजूरला, मग संगमनेरला नेलं. फुप्फुसात पाणी गेलं होतं. बरेच दिवस दवाखान्यात राहावं लागलं. ती वाचली.

सहादेव पुढं कुणाला त्याबद्दल फार बोलला नाही. बनुबाईंनी त्याला खोदून विचारलं, तर म्हणाला, "पाय घसरला हुता. पावसाचं व्हतंय." गावात तेच चालवून घेतलं गेलं.

निकिता संगमनेरला आली ती केंद्रातून न विचारता निघून आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात रंगुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. निकिता त्यांच्या शेजारी खाली बसली.

"ताई, तुम्ही मागच्याच गुरुवारी लिहिलं होतं की ती आता हसते. मग अचानक काय झालं?"

"मी?"

निकितानं आपल्या मोबाईलवर काढून वाचून दाखवलं. "आता पोर हसते. आवणीला सगळ्यांबरोबर आली, गाणं म्हणाली. घरात सगळे खूश आहेत. पुढच्या महिन्यात शाळेला पाठवू."

रंगुबाई ऐकत होत्या.

"पुन्यांदा वाचा," त्या म्हणाल्या.

निकितानं पुन्हा वाचलं.

"आवणीला ती बांधावं बसून हुती. मीच बसवलेली. गानं कुटलं म्हनती?" मग त्या म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई, बाई."

निकितानं मोबाईल खाली ठेवला. मग दोघींनी मागं मागं जात सगळं काढलं. पाण्यात उभी असलेली मुलगी, ओट्यावरचा प्रश्न, त्यावरचं 'न्हाई'. निकितानं मान्य केलं, की पहिल्या दिवशी तिनं तो प्रश्न मुलीसमोर विचारायला नको होता. तिनं असंही सांगितलं, की दोघींची उत्तरं एकमेकींना दुजोरा देत होती आणि दुजोरा मिळाला की केंद्रात सगळे निर्धास्त होतात. रंगुबाईंना दुजोरा हा शब्द कळला नसावा. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता ती लिंक कोन भरनार?"

आता लिंक येत नाही. संस्कृतीचा भाग ती स्वतः महिन्यातून दोनदा सावेडीत जाऊन भरते, निकितासमोर. गोरक्ष तिला घेऊन जातात, त्या दिवशी जीप बंद असते. याबद्दल ते आता काही बोलत नाहीत. रंगुबाईंसाठी बटणांचा साधा फोन घेतलाय. दर गुरुवारी ठरल्या वेळी त्या टेकाडावर जातात, निकिताचा फोन येतो, ती प्रश्न विचारते आणि रंगुबाई तोंडानं उत्तरं देतात. 'पाल्य' हा शब्द निकितानं काढून टाकलाय.

पहिल्याच फोनला रंगुबाईंनी सांगितलं, की पोर विळा हातात घेऊन नुसती बसली होती, आपण काढून घेतला. दोन दिवसांत डॉक्टरांनी बोलावून घेतलं, औषध वाढवलं आणि तिला काही आठवडे नगरला दाखल करून ठेवलं. रंगुबाईंना सोबत राहू दिलं होतं. तिथं संस्कृती सगळ्यांशी बोलायची, नर्सशी, दुसऱ्या मुलींशी, गेटवरच्या वॉचमनशी. आईशी बोलत नव्हती.

घरी आल्यावरही तसंच आहे. पाणी मागायचं असेल तर ती वडिलांना सांगते, वडील आईला सांगतात. केस ती स्वतः विंचरते. एकदाच, रंगुबाई टेकाडाकडं निघालेल्या असताना, ती ओट्यावरून म्हणाली, "निघाली चुगल्या लावाया."

"व्हय," रंगुबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. वजन वाढलंय. नववीच्या वह्यांतली एक तिनं उघडलीय, चित्रं काढायला. पाण्याच्या बाजूला ती जात नाही, का रंगुबाई जाऊ देत नाहीत, हे सांगता येत नाही, कारण रंगुबाई कधीच लांब नसतात. बाजार गोरक्ष करतात. बचत गटाच्या बैठका आता रंगुबाईंच्याच ओट्यावर होतात.

परवाच्या गुरुवारी टेकाडावर वारा फार होता. रंगुबाई पदर कानावर ओढून, फोन दोन्ही हातांनी धरून बोलत होत्या. निकितानं क्रमानं विचारलं. झोप कशी आहे. बऱ्याचदा जागीच, रंगुबाई म्हणाल्या. जेवण. अर्धी भाकरी, कधी अर्धीबी न्हाई. स्वतःला काही करून घेण्याबद्दल बोलली का. न्हाई, बोलली न्हाई, पन माझ्याशी बोलतच न्हाई तर मला कसं सांगंल, तुमी तिला तिकडं इचारा. निकिता म्हणाली, विचारते.

मग निकितानं विचारलं, "ती तुमच्याशी अजून अजिबात बोलत नाही?"

"न्हाई."

"तुम्हाला त्याचा त्रास होतो का, ताई?"

रंगुबाईंनी खाली घराकडं पाहिलं. संस्कृती अंगणात उभी होती आणि वर बघत होती.

"ह्यो प्रश्न त्यात हाय का?"

"नाही. मी आपलं विचारलं."

"मंग ऱ्हाऊ द्या," रंगुबाई म्हणाल्या. "फुडला इचारा."